पेशीतला पहारेकरी आणि बेडकाचं अंडं

गोष्ट १९८७ ची. एखादं जनुक बंद पाडायचं तर त्याच्या आरएनएला पूरक अक्षरांचा जोडीदार द्यायचा, दोघं एकमेकांना चिकटले की प्रथिन बनणं थांबतं, अशी एक युक्ती तेव्हा जोरात होती. आफ्रिकन बेडकाच्या फलित अंड्यांत मात्र ती काही चालेना. चिकटलेल्या जोड्या सुटलेल्या दिसायच्या! सिअ‍ॅटलला ब्रेंडा बास आणि हॅरोल्ड वाइनट्रॉब, तर हार्वर्डला रेबाग्लियाटी आणि मेल्टन, अशा दोन जोड्यांनी हे वेगवेगळं टिपलं.

पुढच्याच वर्षी बास-वाइनट्रॉबना कळलं की हे नुसतं सोडवणं नाही, इथे अक्षरच बदललं जातंय. अ‍ॅडेनोसिनचं इनोसिन होतं. इनोसिनची समोरच्या युरिडिनशी नीट जोडी जमत नाही, मग शिडीच्या पायऱ्या खिळखिळ्या होतात. हे करणाऱ्या एन्झाइमला पुढे 'एडार' नाव मिळालं.

पण पेशीला ही उठाठेव हवी कशाला?

तर मंडळी, बरेच विषाणू पेशीत शिरले की लांब, दुहेरी आरएनए तयार होतो. तो दिसला की एमडीए-५ नावाचा पहारेकरी इंटरफेरॉन सोडायला लावून आख्खी आळी जागी करतो. गोची अशी, की आपल्याही जीनोमचा सुमारे १० टक्के भाग म्हणजे 'अलू' नावाचे, १० लाखांहून जास्त वेळा कॉपी-पेस्ट झालेले तुकडे. (लेगसी कोड, दुसरं काय!) एकाच आरएनएत दोन अलू उलटसुलट आले की ते एकमेकांना चिकटतात आणि घरचाच आरएनए विषाणूचा वाटू लागतो. एडार-१ त्यात जागोजागी इनोसिन पेरतो, सलगपणा मोडतो. पहारेकरी गप्प!

याला डिजिटल सही म्हणायचा मोह होतो, पण ते बरोबर नाही. पहारेकरी इनोसिन वाचत बसत नाही, त्याला कळतो तो आकार.

आणि हे बिघडलं तर? एकार्दी-गुतियेर नावाच्या आजारात तान्ह्या बाळांचा मेंदू विषाणू नसतानाच होरपळतो. लक्षणं इतकी हुबेहूब, की गर्भात संसर्ग झाला असावा असंच वाटतं. २०१२ मध्ये यानिक क्रो यांच्या गटाला अशा काही मुलांत एडार-१ चेच दोष सापडले.

राहिलेली कडी २०१५ मध्ये मेलबर्नच्या कार्ल वॉक्ली यांच्या गटाने जोडली. एडार-१ ची अक्षरं बदलायची ताकद काढून घेतलेले उंदीर गर्भातच मरत. (उंदरांत अलू नसतात, त्यांचे तुकडे वेगळे; गणित तेच.) मग त्याच उंदरांतला एमडीए-५ ही काढून टाकला. पिल्लं जन्मली, आणि चांगली मोठीसुद्धा झाली.