विंचवाच्या बिऱ्हाडाला एक खण

आपल्याकडे घर लहान पडलं की एक खण वाढवायचा ही रीतच आहे. कोकणात पडवी काढतात, देशावर मागच्या अंगाला चार पत्रे टाकतात, चाळीत उंची मिळाली तर पोटमाळा होतो. भिंत सरळ असते, कोपरे काटकोनात असतात, म्हणून जोड देता येतो. पण घर अंड्याच्या आकाराचं असेल तर? अंड्याला पडवी कुठून काढणार?

हा प्रश्न कोणाला पडत असेल असं तुम्हाला वाटणार नाही. पण उत्तर अमेरिकेत काही माणसं गॅरेजमध्ये करवत हातात घेऊन तो सोडवत बसलेली असतात. त्यांचं घर म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढायचा, फायबरग्लासचा, १९७० च्या दशकातला कॅम्पर ट्रेलर. शनिवार-रविवारी तळ्याकाठी जाऊन राहण्यासाठी केलेली वस्तू. तिच्यात बारा महिने राहायचं म्हणून ते ती मधोमध कापतात आणि लांब करतात. ह्या वेडाचा इतिहास गेले काही महिने मिळेल तसा वाचतो आहे, तो इथे मांडतो.

सुरुवात होते कॅनडातल्या विनिपेगला, १९६८ साली. रे ओलेको नावाचा एक खटपट्या माणूस. त्याने आधी काय केलं होतं? तर फायबरग्लासची हलकी सेप्टिक टाकी! (हे फोनवर सांगितल्यावर मामा पाच मिनिटं हसत होता. "म्हणजे संडासाच्या टाकीत राहतात का रे तुमच्याकडे?" असो.) टाकी हलकी, न गळणारी, न गंजणारी हवी. मग कुटुंबाला झोपता येईल अशी खोली त्याच पद्धतीने का होऊ नये? सँडर दुसा ह्या जोडीदाराला घेऊन त्याने १३ फुटी ट्रेलर बनवला. त्याचा आकार गोल बोलर टोपीसारखा दिसतो म्हणून नाव ठेवलं बोलर, फक्त स्पेलिंग बदलून. वजन हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे साडेचारशे किलो. साधी छोटी गाडीही ते ओढू शके.

ह्यातली खरी गंमत बांधणीत आहे. त्या काळचे बहुतेक ट्रेलर लाकडी सांगाडा आणि वरून ॲल्युमिनियमचे पत्रे असे असत. पत्र्यांच्या प्रत्येक सांध्यातून कधी ना कधी पाणी शिरायचं आणि आतलं लाकूड कुजायचं. बोलरला सांगाडाच नाही. काचेच्या तंतूंचं कापड आणि रेझिन साच्यात थरावर थर बसवून दोन मोठे कटोरे करायचे, एक खालचा, एक वरचा, आणि कमरेपाशी एकमेकांवर बसवून जोडायचे. ज्यांनी पेणला गणपतीचे साचे पाहिलेत त्यांना हे लगेच समजेल. सांधा एकच, तोही आडवा. म्हणूनच आज पन्नास वर्षांनंतरही हे ट्रेलर रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्या बरोबरीचे लाकडी सांगाड्याचे कधीच मातीला मिळाले.

बोलरच्या मागून बरेच जण आले. मिनेसोटातल्या बॅकस गावचा स्कॅम्प तर थेट बोलरच्याच वंशातला, तो आजही तयार होतो. ओंटारिओत ट्रिलियम, पुढे १९८३ पासून टेक्सासात कसिता. सामान हलवायच्या गाड्या भाड्याने देणाऱ्या यू-हॉलनेही १९८० च्या दशकाच्या मध्यात असे ट्रेलर भाड्याने देण्यासाठी बनवले आणि थोड्याच काळात तो नाद सोडून विकून टाकले. ह्या सगळ्या गोतावळ्याला लोक प्रेमाने अंडी म्हणतात.

आता ह्या अंड्यात जागा किती? १३ फूट म्हणतात त्यात पुढचा ओढायचा दांडाही धरलेला असतो. आतली खोली जेमतेम दहा फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद, म्हणजे ६५ चौरस फूट. मुंबईतल्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे चाळीतल्या एका खोलीत अशी दोन अंडी बसून वर मोरीला जागा उरेल. ह्या ६५ फुटांत ओटा, सिंक, बर्फपेटी, कपाट आणि जेवायचं टेबल. पलंग नाही. रात्री टेबल खाली उतरवायचं, बाकांच्या गाद्या त्यावर पसरायच्या, की झाला पलंग. सकाळी उलट. दोन रात्री ह्याची मजा वाटते. तीनशे पासष्ट रात्री?

घर चाकांवर ठेवून त्यातच राहण्याची गोष्ट मात्र बोलरपेक्षा जुनी आहे. १९३० च्या मंदीत अमेरिकेत इतके लोक ट्रेलरमध्ये राहायला गेले की रॉजर बॅबसन ह्या आर्थिक भाकितं करणाऱ्या गृहस्थांनी वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील असं सांगून टाकलं. तसं काही झालं नाही. पण दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांच्या गावी कामगारांना ठेवायला सरकारनेच हजारो ट्रेलर घेतले, आणि युद्ध संपल्यावर कॉलेजात परतलेल्या सैनिकांचे संसार विद्यापीठांच्या आवारातल्या ट्रेलरमध्ये थाटले गेले. टल्सामधल्या स्पार्टन ह्या विमानांच्या कारखान्याने तर विमानं सोडून ॲल्युमिनियमचे ऐसपैस ट्रेलर करायला घेतले. मालक कोण, तर तेलसम्राट पॉल गेटी!

राहणारे कायमचे झाले तशी जागा कमी पडू लागली. रस्त्यावर ८ फुटांपेक्षा रुंद वाहन चालत नसे, म्हणून सगळी वाढ लांबीत व्हायची. १९५० च्या दशकाच्या मध्यात विस्कॉन्सिनच्या एल्मर फ्रे ह्यांनी १० फूट रुंदीचा ट्रेलर आणला, तो खास परवान्याने हलवावा लागे. मोबाइल होम हा शब्दही त्यांच्याच नावावर लावतात. तिथून दोन वाटा फुटल्या. एक वाट रुंद होत होत जमिनीवर कायमची टेकली. नावात मोबाइल, पण हलायची एकदाच, कारखान्यातून प्लॉटवर. १९७६ पासून तिला केंद्र सरकारचे बांधणीचे नियम लागू झाले आणि कायद्याने ती घर ठरली. दुसरी वाट खेळण्या-फिरण्याची, आपलं अंडं त्यातलं. ते कायद्याच्या दृष्टीने वाहन. त्यात राहणं म्हणजे मुक्काम, वास्तव्य नव्हे. पुष्कळ गावांत आजही स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरसुद्धा अशा ट्रेलरमध्ये बारा महिने राहायला परवानगी नसते. म्हणजे कोणी आपलं अंडं लांब करून त्यात राहायला गेला, तर तो नुसतं फायबरग्लास जोडत नाही, कायद्याने पाडलेले दोन भागही जोडू पाहतो.

जागा वाढवण्याच्या अधिकृत युक्त्याही झाल्या. कॅलिफोर्नियाच्या हंटर कॉम्पॅक्टचं छप्परच वर उचललं जातं. खाली असताना गॅरेजात मावतो, वर केल्यावर माणूस उभा राहतो. मोठ्या मोटारघरांत १९९० च्या सुमारास न्यूमार कंपनीने भिंत खणासारखी बाहेर सरकवण्याची सोय आणली. अंड्यात हे अशक्य, कारण अंड्याची ताकद त्याच्या अखंड कवचात आहे. त्यातून मोठा चौकोन कापला की बाकीचं डुलायला लागतं. बोलर, स्कॅम्पवाल्यांनीही शेवटी लांबीच वाढवली. बोलरचा १७ फुटी आला, स्कॅम्पचा १६ फुटी.

मग घरच्या घरी कसं करतात? दोन पद्धती वाचल्या आणि एक डोळ्यांनी पाहिली. पहिलीत दोन ट्रेलर लागतात, त्यातला एक अपघातात चेपलेला, स्वस्तात मिळालेला. पहिला मध्याच्या थोडा मागे उभा कापायचा, दुसरा मध्याच्या थोडा पुढे. पहिल्याचं पुढचं तोंड आणि दुसऱ्याची मागची बाजू जुळवली की मधला सपाटसा भाग दोनदा येतो. हे दिसतं सोपं, पण अंड्याच्या भिंतीत खरोखर सरळ असा भाग फार थोडा असतो. त्याच्या पुढेमागे कापलं तर कडा जुळतच नाहीत.

दुसरी पद्धत मला जास्त आवडली. ट्रेलरच्या मधल्या भागाला बाहेरून मेण लावायचं, त्यावर काचेचं कापड आणि रेझिन चढवायचं, सुकल्यावर सोलून काढायचं. हा झाला साचा. त्याच्या आतून नवीन थर बसवले की त्याच वळणाचा नवा तुकडा मिळतो. घरानेच आपला वाढीव खण जन्माला घातला म्हणायचं.

खरी परीक्षा सांध्याची. जुन्या पॉलिएस्टर रेझिनवर नवा थर रासायनिकरीत्या एकजीव होत नाही, नुसता चिकटून राहतो. म्हणून दोन्ही कडा घासून निमुळत्या करतात, जाडीच्या साधारण बारापट लांबीचा उतार. भिंत तीन मिलिमीटर असेल तर साडेतीन सेंटिमीटर. मग कापडाच्या पट्ट्या आतून-बाहेरून. एपॉक्सी जास्त घट्ट धरते, पण तिच्यावर मूळचा चकचकीत जेलकोट नीट बसत नाही, रंगच द्यावा लागतो. पारंपरिक अंडीप्रेमी इथेच नाक मुरडतात.

आणि कवच हा निम्माच भाग. खालची लोखंडी चौकट वाढवावी लागते, आणि मुळात ह्या जुन्या चौकटींना भेगा पडणं हे ओळखीचं दुखणं. लांबी वाढली की आसही मागेपुढे करावा लागतो. एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यावर यायला हवा. कमी आला की हायवेवर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. आसाच्या नळीतलं रबर पन्नास वर्षांत दगड झालेलं असतं, ते बदलायचंच. आतलं कपाट उगीच वाटतं म्हणून काढलं, तर छप्पर खाली बसतं, कारण ते कपाट खांबाचंही काम करत असतं.

त्यात इथल्या थंडीत पाण्याचा ताप वेगळा. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. ती थंड भिंतीवर बसते आणि गादीखाली बुरशी धरते. वीकएंडला ते कोणाच्या लक्षातही येत नाही. बारा महिने राहणाऱ्याला मात्र लांबी वाढवण्याआधी भिंतीला अस्तर आणि छताला झडप लागते.

दोन वर्षांपूर्वी उत्तर मिनेसोटातल्या एका कॅम्पग्राउंडवर असा लांब केलेला ट्रेलर पाहिला. जोड दिलेला पट्टा उन्हात वेगळा चमकत होता. मालकीणबाई सत्तरीच्या. भाडं परवडेना तेव्हा भाड्याची खोली सोडली होती. मेहुण्याने दोन उन्हाळे खपून साडेतीन फूट वाढवून दिले होते. मी हिशेबी माणूस, विचारलं, तयार १६ फुटी जुना घेतला असता तर स्वस्त पडला नसता का? म्हणाल्या, पडला असता, पण हा माझ्या दारात आधीपासून होता. आत घेऊन गेल्या आणि वाढीव भाग दाखवला. तिथे एक पलंग होता. न मोडायचा, न उचलायचा. त्यावर गोधडीसारखी एक रजई आणि दुपारी तीन वाजता झोपलेलं मांजर. "मी आजारी पडले तर टेबल उचलून पलंग कोण करणार?" एवढंच बोलल्या. आमच्या आजीनेही उतारवयात खोलीतली कॉट कायमची मांडून ठेवायला लावली होती, त्यावरून घरात केवढं रामायण झालं होतं ते नातेवाईकांना आठवत असेल.

हे लोक हौशी आहेत की नाइलाजाने राहणारे, ह्यावर इथे बराच वाद चालतो. जेसिका ब्रुडर ह्यांचं 'नोमॅडलँड' २०१७ साली आलं. २००८ च्या घरबाजाराच्या पडझडीनंतर गाड्यांमध्ये राहायला गेलेल्या उतारवयातल्या माणसांचं ते पुस्तक, आणि त्यावरच्या सिनेमाला २०२१ साली ऑस्कर मिळालं. सिनेमातली व्हॅन सगळ्यांच्या लक्षात राहते. पण पुस्तकातल्या लिंडा मे राहत होत्या त्या एका जुन्या हंटर कॉम्पॅक्टमध्ये, त्याच छप्पर उचलणाऱ्या फायबरग्लासच्या डबीत. तिचं नाव त्यांनी थट्टेने 'स्क्वीझ इन' ठेवलं होतं, म्हणजे अंग चोरून आत शिरायची धर्मशाळा. मोसमी कामं करायची आणि पैसे साठवून जमीन घ्यायची, हे त्यांचं स्वप्न. त्या जमिनीवर टाकाऊ टायर आणि मातीचं पक्कं घर बांधायचं होतं.

मला हा भाग फार खरा वाटतो. आपल्याकडे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं म्हणताना त्यात थोडी कीव असते, थोडं कौतुक. लांब केलेल्या अंड्यात दोन्ही गोष्टी आहेत, आणि कोणती किती हे आत राहणाऱ्यालाच ठाऊक. बाहेरून एवढंच सांगता येतं की ज्याला निघून जायचंय तो खण वाढवत नाही. विनिपेगच्या कारखान्यात साचा घासणाऱ्यांनी दोन रात्रींच्या मुक्कामाचा हिशेब केला होता, तोही चोख. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बोलरचं उत्पादन थांबलं. त्यानंतर जी काही वाढ झाली ती राहणाऱ्यांनीच केली.

त्या बाईंनी निघताना सांध्यावर हात फिरवायला लावला. आतल्या बाजूने तो अजून थोडा खरखरीत होता. मेहुण्याचा गुडघा बरा झाला की पुढच्या उन्हाळ्यात घासून रंगवणार आहेत.