वैद्यकसंशोधनाचें द्रव्यबळ व त्याचे कागद (इ. स. १८९६ ते १९४९)

१

एखादा शोध कोणीं लाविला व कोणत्या सालीं लाविला, हें सांगितलें कीं शास्त्राचा इतिहास सांगून झाला असें सामान्यतः समजलें जातें. शोधकाच्या प्रयोगशाळेचा खर्च कोण चालवीत होतें, त्याच्या हाताखालील मनुष्यांचा पगार कोठून येई, आणि पैसा देणारानें कोणत्या अटी घातल्या होत्या, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहींत. जुन्या दफ्तरांत वावरणारांस ही उणीव चटकन् जाणवेल. एखाद्या शास्त्र्यास अगर वैद्यास सरकारांतून काय मिळत होतें हें सनदेवरून कळल्याशिवाय त्याचें चरित्र पुरें झालें, असें आपण मानीत नाहीं. हाच न्याय अर्वाचीन वैद्यकास लावून, इ. स. १८९६ ते १९४९ या काळांत हिंदुस्थानांतील रोगसंशोधनास बाहेरून द्रव्य कसें मिळत गेलें, व तें ज्या रूपानें मिळालें त्याचा संशोधनावर काय परिणाम झाला, हें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे.

दफ्तरांतील परिभाषा येथें उपयोगी पडते. इनाम पिढ्यान् पिढ्या चाले. वर्षासन सालोसाल मिळे, परंतु देणारास तंगी आली कीं बंद पडे. आणि एखाद्या कामगिरीपुरती नेमून दिलेली रक्कम ती कामगिरी संपतांच थांबे. संशोधनाचा पैसाहि या तीन वाटांनींच आला: कायम निधि, दरसालचें अनुदान आणि एकाच प्रश्नाच्या तपासापुरती मंजुरी. यांपैकीं कोणत्या वाटेनें पैसा आला, यावरच शोध कोठें लागला व कोठें लागूं शकला नाहीं, हें पुष्कळ अंशीं ठरलें असें दिसून येईल.

२

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांतील प्लेग मूळचे गोमंतकीय डॉ. अकासियो व्हिएगस यांनीं ओळखला. पुढील महिन्यांत वाल्डेमार हाफकीन हे कलकत्त्याहून मुंबईस आले. त्यांस ग्रँट मेडिकल कॉलेजांतील फ्रामजी दिनशा पेटिट प्रयोगशाळेंत एक लहान खोली व व्हरांडा, आणि मदतीस एक कारकून व तीन पट्टेवाले, एवढाच सरंजाम मिळाला. प्रयोगशाळेच्या नांवावरून उघड होतें कीं, सरकारी कॉलेजांतील ही जागादेखील एका पारशी घराण्याच्या औदार्याची होती. तेथें तयार झालेली लस हाफकीन यांनीं ता. १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली, व त्याच महिन्यांत भायखळ्याच्या तुरुंगांत स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली.

लसीची मागणी वाढतांच कॉलेजांतील जागा अपुरी पडूं लागली. तेव्हां आगाखान यांनीं आपला खुश्रू लॉज हा बंगला कामासाठीं दिला. इतकेंच नव्हे, तर स्वतः लस टोंचून घेऊन आपल्या जमातीस उदाहरण घालून दिलें. ता. १० ऑगस्ट १८९९ रोजीं प्रयोगशाळा परळ येथील जुन्या गव्हर्नरांच्या वाड्यांत गेली. इ. स. १८८२ मध्यें लेडी फर्ग्युसन या याच वाड्यांत पटकीनें वारल्या, व त्यानंतर गव्हर्नरांनीं तेथील वास्तव्य सोडून मलबार पॉइंट गांठला होता. एका रोगामुळें रिकामा पडलेला वाडा दुसऱ्या रोगाच्या शोधास उपयोगी पडला. त्यासच इ. स. १९२५ पासून हाफकीन इन्स्टिट्यूट हें नांव आहे.

इ. स. १९०५ मध्यें भारतमंत्री, लंडनची रॉयल सोसायटी व लिस्टर इन्स्टिट्यूट यांच्या संयुक्त समितीनें प्लेगाच्या प्रसाराचा तपास हातीं घेतला आणि प्रत्यक्ष प्रयोगांसाठीं परळ येथेंच मंडळी पाठविली. मुद्दाम बांधलेल्या खोपट्यांत गिनीपिग ठेवून उंदरावरील पिसवा रोग कसा पसरवितात, हें त्यांनीं दाखविलें. पॉल लुई सिमाँ यांनीं कराचीस इ. स. १८९८ मध्यें जें मांडलें होतें, पण बहुतेकांनीं मानलें नव्हतें, त्यास यामुळें भक्कम आधार मिळाला. हा पैसा एकाच प्रश्नापुरता मंजूर झाला होता, व त्या प्रश्नाचें उत्तर त्यानें मिळवून दिलें. परंतु साथीच्या भीतीनें उभा राहणारा पैसा साथ नसतांना कोण देणार, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

३

त्याचें उत्तर इ. स. १९११ मध्यें मिळालें. हिंदुस्थान सरकारनें पांच लक्ष रुपये वेगळे काढून इंडियन रिसर्च फंड असोसिएशन ही संस्था स्थापिली. तिच्या नियामक मंडळाची पहिली सभा ता. १५ नोव्हेंबर १९११ रोजीं सर हारकोर्ट बटलर यांच्या अध्यक्षतेखालीं मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेंतच भरली. ज्या ठिकाणीं एका साथीनें संशोधनास जागा मिळवून दिली, त्याच ठिकाणीं सर्व रोगांसाठीं निधि उभा राहिला, हा योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. इंग्लंडांतील वैद्यकसंशोधन समिति इ. स. १९१३ मध्यें निघाली. म्हणजे या बाबतींत हिंदुस्थान दोन वर्षें पुढें होता. त्याच सालीं असोसिएशनचें त्रैमासिकहि निघूं लागलें.

या संस्थेमुळें अर्ज, मंजुरी व अहवाल ही त्रयी येथें रूढ झाली. मराठी दफ्तराच्या भाषेंत सांगावयाचें तर आधीं अजमास, मग सनद, आणि शेवटीं ताळेबंद. मात्र आरंभींचा बहुतेक पैसा कसौली, परळ, गिंडी, कुन्नूर अशा ठिकाणच्या प्रयोगशाळांत व लष्करी परंपरेच्या वैद्यक खात्यांतील अधिकाऱ्यांकडे गेला. विद्यार्थ्यांस शिकवून उरलेल्या वेळांत शोध करूं इच्छिणारा कॉलेजांतील अध्यापक या व्यवस्थेच्या कडेलाच राहिला.

४

कडेला राहिलेल्या अशा एका अध्यापकाच्या हातीं थोडें अनुदान पडलें तर काय होतें, याचें उदाहरण कलकत्त्यास मिळतें. डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी हे तेथील कँबेल मेडिकल स्कूलमध्यें शिकवीत. आसाम व बंगाल या प्रांतांत काळाआजार गांवेंच्या गांवें ओस पाडीत असे. इ. स. १९१९ च्या अखेरीस असोसिएशननें त्यांस या रोगाच्या उपचारांच्या शोधासाठीं अनुदान दिलें. प्रयोगाची खोली इतकी साधी होती कीं तींत ना गॅस, ना नळाचें पाणी, ना वीज. रात्रीं कंदिलाच्या उजेडांत काम चाले. तेथेंच त्यांनीं युरिया स्टिबामीन हें अँटिमनीचें औषध सिद्ध केलें. पूर्वी बहुधा मरणाशींच गांठ घालून देणारा हा रोग या औषधानें साध्य झाला, व आसामांत तें मोठ्या प्रमाणावर वापरण्यांत आलें. हा रोग मनुष्यास वाळुमाशीच्या दंशानें होतो, हें सिद्ध व्हावयास मात्र इ. स. १९४२ साल उजाडावें लागलें. तो तपासहि याच संस्थेच्या पैशानें सुरू झालेल्या काळाआजार मंडळाच्या परंपरेंतील होता.

दुसरें उदाहरण याच्या उलट आहे. इ. स. १९१८ मध्यें कुन्नूर येथील पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलींत रॉबर्ट मॅकॅरिसन यांनीं बेरीबेरी रोगाचा तपास आरंभिला. अन्नांतील न्यूनतेमुळें होणाऱ्या रोगांचा हा अभ्यास फळ धरण्याच्या बेतांत असतांच सरकारी खर्चाच्या काटछाटीसाठीं लॉर्ड इंचकेप यांची समिति बसली, आणि इ. स. १९२३ मध्यें तपास बंद करण्यांत आला. दोन वर्षांनीं तो पुन्हा सुरू झाला. पुढें त्याचीच पोषणसंशोधन प्रयोगशाळा झाली, आणि इ. स. १९५८ मध्यें ती हैदराबादेस गेली. सालोसाल मिळणाऱ्या द्रव्याचा हा स्वभावच आहे. प्रयोगाचें फळ येण्यास दहा वर्षें लागतात आणि वर्षासन मार्चअखेर संपतें. कुन्नूरचें दैव बरें, म्हणून तुटलेला धागा पुन्हा जोडतां आला.

५

खासगी दात्यांनीं या कामांत मोठा वांटा उचलला. त्यांच्या अटीहि सरकारी अटींइतक्याच बोलक्या आहेत. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या इस्टेटींतून मुंबईस परळ येथें जें मेडिकल कॉलेज इ. स. १९२६ मध्यें उभें राहिलें, त्याच्या देणगींत अध्यापक हिंदीच असावेत अशी अट होती. वरिष्ठ जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठीं राखून ठेवण्याच्या काळांत ही अट म्हणजे पैशाच्या भाषेंत केलेला निषेधच होय.

लेडी मेहेरबाई टाटा इ. स. १९३१ मध्यें रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढील सालीं सर दोराबजी टाटा यांनीं त्यांच्या स्मरणार्थ निधि स्थापून त्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्याच रोगाच्या संशोधनास, देशाची मर्यादा न ठेवतां, लावून दिला. यामुळें परदेशांतील विद्यापीठांचे संशोधक मुंबईच्या द्रव्यासाठीं अर्ज करूं लागले. त्याच सालाच्या अखेरीस अमेरिकेच्या रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्यानें कलकत्त्यास सार्वजनिक आरोग्याची अखिल भारतीय संस्था निघाली. म्हणजे द्रव्याचा ओघ एकाच दिशेनें वाहत नव्हता. टाटांच्याच विश्वस्तनिधींतून इ. स. १९४१ मध्यें परळ येथें कर्करोगाचें रुग्णालय उभें राहिलें, आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हातीं तेथील प्रयोगशाळा आल्या. जो अध्यापक यापूर्वीं कॉलेजांत रोगनिदानशास्त्र शिकवीत होता, त्यास स्थिर द्रव्य व मोकळा वेळ एकाच ठिकाणीं मिळाला. हिंदी लोकांच्या राहणीचा व कर्करोगाचा संबंध दाखविणारें त्यांचें काम याच आश्रयाखालीं झालें.

इ. स. १९४३ मध्यें नेमलेल्या भोर समितीनें इ. स. १९४६ च्या आपल्या अहवालांत वैद्यकीय कॉलेजांतून संशोधन जवळजवळ होत नाहीं, या दोषावर बोट ठेविलें. इ. स. १९४९ मध्यें असोसिएशनचें नांव बदलून इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च असें झालें. ही संस्था आजहि चालू असून देशांतील विद्यापीठें व कॉलेजें यांतील अध्यापक तिजकडे अर्ज करीत असतात.

६

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. साथीच्या भीतीनें मिळालेला पैसा लवकर मिळतो व नेमक्या प्रश्नाचें उत्तर देतो. पण तो पाया घालीत नाहीं. सालोसालचा पैसा पुष्कळ ठिकाणीं पोंचतो, परंतु दीर्घ मुदतीचें काम त्याच्या भरंवशावर ठेवणें धोक्याचें असतें. कायम निधि मात्र दात्याच्या मनांतील प्रश्न त्याच्या पश्चातहि विचारीत राहतो. कोणत्या प्रश्नास कायम निधि मिळाला व कोणत्यास मिळाला नाहीं, यांत त्या समाजाचें भय, अभिमान व करुणा हीं तिन्ही उमटलेलीं दिसतात.

हा इतिहास सविस्तर लिहावयाचा तर छापील अहवाल पुरे पडत नाहींत. छापील अहवालांत मंजूर झालेलें काम येतें. नामंजूर झालेला अर्ज येत नाहीं. आणि एखाद्या काळाची दृष्टि कोठवर पोंचत होती, हें नामंजूर अर्जावरूनच उत्तम कळतें. असे कागद जुन्या डॉक्टरांच्या घरीं, कॉलेजांच्या माळ्यांवर व विश्वस्तसंस्थांच्या कपाटांत असण्याचा संभव आहे. पोथ्या व सनदा शोधीत फिरणाऱ्या संग्राहकाच्या हातीं ते आले, तर टंकलिखित म्हणून किंवा इंग्रजींत आहेत म्हणून ते रद्दींत जाऊं नयेत. प्रसिद्ध पुरुषाच्या सहीपुरतें पान फाडून घेण्याचा मोह टाळावा. कारण अर्ज, शेरा व हिशेब ज्या क्रमानें बांधलेले असतात, तो क्रमच पुराव्याचा निम्मा भाग होय. प्रत्येक रुमालावर तारीख, जावक क्रमांक, रक्कम व अट एवढें टिपून ठेवावें. रोग्यांचीं नांवें असलेलीं पत्रकें मात्र वेगळीं व बंद ठेवावींत. दीडशें वर्षांपूर्वींच्या इनामपत्रास आपण जो मान देतों, तो एका खोलीच्या व तीन पट्टेवाल्यांच्या मंजुरीच्या कागदासहि मिळाला पाहिजे. त्या खोलींतून निघालेल्या लसीनें किती घरें राखलीं, याचा हिशेब लावण्यास आरंभ तेथूनच करावा लागेल.