छर्‍यांवर फिरणारं स्टिअरिंग

अवजड ट्रक वळवणं ही एकेकाळी मनगटांची परीक्षा होती. अमेरिकेत पिअर्स-अ‍ॅरोच्या ट्रक विभागात काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस यांनी हे कष्ट जवळून पाहिले आणि १९२६ साली तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टिअरिंग गाडीत बसवून दाखवलं. जनरल मोटर्सला रस होता, पण मंदीत खर्च परवडेना. ग्राहकांना ते मिळालं थेट १९५१च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये!

दरम्यान, मिशिगनमधल्या सॅगिनॉच्या कारखान्याने स्टिअरिंगच्या पेटीतला वर्म (स्टिअरिंगसोबत फिरणारा स्क्रू) आणि त्यावर सरकणाऱ्या नटच्या मध्ये फिरते पोलादी छर्रे घातले. घर्षण घटलं. साधी, पण फार मोलाची युक्ती.

अखंड पुढचा अ‍ॅक्सल असलेल्या फोर्ड सुपर ड्युटी पिकअपमध्ये आजही अशीच छर्ऱ्यांची स्टिअरिंग पेटी असते. ती बदलताना नव्या पेटीचं गिअर गुणोत्तर, पिटमन आर्मच्या (पेटीतून चाकांकडे हालचाल नेणाऱ्या दांड्याच्या) शाफ्टचे दाते आणि तेलाच्या होजची जोडणी जुन्या पेटीशी जुळवावीच लागते.