कोरडी हवा आणि ओलाव्याची किंमत

छत्रपति संभाजीनगर जिल्ह्याच्या पश्चिमेस असलेल्या वैजापूर तालुक्यांत थंडी फार कडक नसते. परंतु हवा वर्षांतील बरेच महिने कोरडी असते. चैत्र-वैशाखांत दुपारच्या वेळीं या जिल्ह्यांतील हवेची सापेक्ष आर्द्रता २० ते २५ टक्क्यांपर्यंत उतरते. ओठ फुटतात, घसा सुकतो, दारांच्या फळ्या आकसून त्यांत फटी पडतात. युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशांत बाहेर बर्फ पडत असतां घरांत लाकडें जाळून ऊब आणतात, आणि त्या उबदार खोलींतही माणसाचा घसा असाच सुकतो. एका ठिकाणीं सूर्य, दुसऱ्या ठिकाणीं सरपण, व्याधि एकच.

तिचें कारण असें. हवा जितकी तापते, तितकी तिची बाष्प धारण करण्याची शक्ति वाढते. शून्य अंश सेंटिग्रेडला एक घनमीटर हवेंत पांच ग्रॅमहून कमीच बाष्प मावतें. २० अंशांवर सतरा ग्रॅमहून अधिक मावतें. बाहेरची गार हवा घरांत घेऊन नुसती तापविली, तर तिच्यांतील बाष्प तेवढेंच राहतें आणि तिची तहान मात्र साडेतीन पटींनीं वाढते. म्हणून तिकडील गृहिणी लोखंडी शेगडीवर पाण्याचें भांडें ठेवीत आली. मराठवाड्यांतील गृहिणी सारवलेल्या जमिनीवर पाणी शिंपडते, माठाखालची वाळू ओली ठेवते, तो उपाय त्याच जातीचा. तेथें पाण्याची वाफ करण्यास शेगडीची उष्णता खर्च होते. येथें ती हवेंतूनच घेतली जाते. एक ग्रॅम पाणी आटतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता ओढून घेतें. त्यामुळें ओलाव्याबरोबर गारवाही लाभतो.

या घरगुती युक्तीस मोगलांच्या काळीं राजाश्रय मिळाला. वाळ्याच्या मुळ्या बांबूच्या चौकटींत भरून त्यांवर पाणी शिंपण्याची रीति अबुल फजलानें ‘ऐन-इ-अकबरी’त वर्णिली असून ती अकबराच्या आज्ञेनें रूढ झाल्याचें नमूद केलें आहे. पुढें इंग्रजी अमलांत कचेऱ्यांच्या आणि बंगल्यांच्या दारांस वाळ्याच्या तट्ट्या लागल्या. आंत बसलेल्या अंमलदारास सुगंधी गारवा मिळे. बाहेर भर उन्हांत उभा राहून भिस्ती पखालींतून त्या तट्टीवर पाणी मारीत असे. ओलावा एकाचा आणि श्रम दुसऱ्याचे, ही वांटणी तेव्हांपासूनच दिसूं लागते.

यंत्रयुगांत ती अधिकच कठोर झाली. कोरड्या हवेंत कापसाचें सूत ठिसूळ होऊन वरचेवर तुटतें. म्हणून लँकेशायरच्या गिरण्यांतून साळखात्यांत वाफ सोडण्याची प्रथा पडली. सूत टिकलें, पण कामगारांचे कपडे दमट होत, आणि तशाच कपड्यांनीं त्यांना बाहेरच्या थंडींत घरीं जावें लागे. त्यांची गाऱ्हाणीं वाढल्यावर १८८९ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें कायदा करून साळखात्यांतील आर्द्रतेस मर्यादा घातली. योगायोग असा कीं, त्याच १८८९ सालीं निजामाच्या राज्यांतील औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, सूत व कापडाची गिरणी उभी राहिली. मराठवाड्यासारख्या तप्त प्रदेशांत सुताचें हित आणि माणसाचें हित यांतील विरोध विशेषच तीव्र असतो. सुताला दमट हवा मानवते. पण तापलेल्या खोलींत ती दमट झाली कीं माणसाचा घाम वाळत नाहीं, आणि अंगांतील उष्णता बाहेर पडण्याचा मार्गच बंद होतो.

आज सर्वांच्या तोंडीं असलेला ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दही गिरणींतूनच आला. स्ट्युअर्ट क्रॅमर या अमेरिकन गिरणीतज्ज्ञानें १९०६ सालीं तो योजिला, तो सुतासाठीं हवेस ओलावा देण्याच्या संदर्भांत. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यानें या प्रश्नाची दखल घेतली. त्याच्या १५ व्या कलमान्वयें हवेंत मिसळावयाचें पाणी सार्वजनिक पुरवठ्याचें अथवा पिण्याच्या पाण्याच्या दुसऱ्या एखाद्या सांठ्याचें, नाहींतर योग्य रीतीनें शुद्ध केलेलें असावें लागे. जें पाणी श्वासाबरोबर छातींत जावयाचें, तें पिण्याच्या पाण्याइतकेंच निर्मळ हवें, हें तत्त्व त्यांत मान्य झालें.

आतां भिस्ती गेला आणि कूलर आला. गवताच्या ओल्या जाळींतून पंखा हवा ओढतो; तत्त्व वाळ्याच्या तट्टीचेंच. म्हणून जुने धडेही तसेच लागू आहेत. टांकींतील पाणी शिळें होऊं देऊं नये. खिडकी उघडी ठेवावी, नाहींतर खोली दमट होऊन गारवा नाहींसा होतो. पावसाळ्यांत हवा आधींच ओली असल्यानें या यंत्राचा उपयोग फारसा होत नाहीं. शिवाय वैजापूरसारख्या तालुक्यांत अवर्षणाच्या वर्षीं घागरभर पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागते. तेथें हवेला किती पाणी पाजावें आणि माणसासाठीं किती राखावें, याचा हिशेब घरोघरीं झाला पाहिजे.