सुखडी, रुपया आणि आरटीई

मागच्या महिन्यातली गोष्ट. नातू शाळेतून आला, हातपाय धुतले आणि पोहे खाता खाता वर्गातल्या गमती सांगायला लागला. तो तिसरीत आहे, इथेच चिंचवडला. डबा खाताना कोण कुणाजवळ बसतं, असं मी सहज विचारलं. त्याने पाच-सहा नावं घेतली. शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनचा मुलगा त्याच्याच वर्गात आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मी त्याचं नाव घेऊन विचारलं, "आणि तो रे?"

"तो नाही बसत आमच्यात. तो आरटीई आहे ना, आजी."

आवाजात दुष्टपणा अजिबात नव्हता. एखाद्याने 'तो डावखुरा आहे' म्हणावं, इतक्या साधेपणाने तो म्हणाला आणि पोह्यातले शेंगदाणे वेचायला लागला. माझा मात्र घास तसाच राहिला.

परदेशातल्या आमच्या भाचरांसाठी सांगते. २००९ साली आपल्याकडे शिक्षण हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यालाच सगळे आरटीई म्हणतात. त्या कायद्यात खासगी शाळांनी पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांना द्यायच्या अशी तरतूद आहे. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमात मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. म्हणजे ज्या कायद्याने त्या मुलाला वर्गात आणून बसवलं आणि ज्या कायद्याने त्याला त्रास देऊ नका म्हणून सांगितलं, त्याच कायद्याचं नाव त्या मुलाला चिकटलं होतं!

त्याच संध्याकाळी सुनेच्या मोबाइलवर पालकांच्या ग्रुपमध्ये शाळेच्या बातम्या आल्या. चित्रकला स्पर्धेत कोण पहिलं आलं, वृक्षारोपण झालं, स्नेहसंमेलनाची तारीख ठरली, सगळं फोटोंसकट. बातम्या सगळ्या चांगल्या. पण एक मुलगा रोज एकटा डबा खातो, ही सुद्धा शाळेचीच बातमी नव्हे का? ती कोण देणार?

नातवाला रागवावं असं मनात आलं होतं. पण रागवायला तोंड उघडलं आणि मलाच माझी एक जुनी बातमी आठवली. ती आज लिहूनच टाकते.

मी मूळची साताऱ्याकडची. बी.ए. झाले आणि १९७२ च्या जूनमध्ये इथल्या एका प्राथमिक शाळेत लागले. तेव्हा हे शहर नुकतंच आकाराला येत होतं. पिंपरीत फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांचा कॅम्प होता. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज असे कारखाने येत गेले. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावं एकत्र करून ४ मार्च १९७० ला नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ ला महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत सतरा लाखांच्या वर लोकसंख्या भरली. ही माणसं आकाशातून पडली नाहीत. सोलापूर, नगर, बीड, लातूर, खानदेश, विदर्भ, कोकण, आणि पुढे उत्तर प्रदेश-बिहार, जिथून तिथून ती पोटासाठी आली आणि बरोबर पोरं घेऊन आली. आमच्या शाळेत दर जूनमध्ये नवे शब्द यायचे, नवे हेल यायचे. त्या हेलांची नक्कल करणारी पोरंही असायचीच. आम्ही म्हणायचो, मुलंच ती, चिडवायचीच.

तर पहिलंच वर्ष आणि बाहत्तरचा दुष्काळ. नव्या पिढीला त्याची कल्पना येणार नाही. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसं खडी फोडत होती, माती वाहत होती. कितीएक जण गाव सोडून पुण्याच्या आसपास आले. त्या हिवाळ्यात आमच्या शाळेत अशा घरांतली सात मुलं दाखल झाली.

शाळेच्या दाराशी फळा होता. त्यावर सुविचार, दिनविशेष आणि शाळेच्या बातम्या लिहायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर चांगलं! मी रंगीत खडूने मोठ्या हौसेने लिहिलं: 'आपल्या शाळेत दुष्काळग्रस्त भागातील सात विद्यार्थी आले आहेत. त्यांचे हार्दिक स्वागत.' खाली सातही नावं, भोवती वेलबुट्टी. हेडमास्तरांनी कौतुक केलं.

त्यातला एक बार्शीकडचा मुलगा माझ्या वर्गात होता. मी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हटलं, "सांग बाळ, तिकडे दुष्काळी कामावर काय खायला मिळायचं?" मला वाटलं, मुलांना माहिती मिळेल, त्यांच्या मनात कणव येईल. तो चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाला, "सुखडी!" कामावरच्या लोकांना सरकारकडून तो पौष्टिक खाऊ मिळायचा. त्याच्या दृष्टीने ती सांगण्यासारखी, चांगली गोष्ट होती.

मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं नाव 'सुखडी' पडलं होतं. आठवड्याभरात ते दुसऱ्या वर्गांतही पोचलं. नळावर पाणी प्यायला गेला की 'सुखडी', कबड्डीत गडी निवडताना 'सुखडी नको'. एकदा त्याने माझ्याजवळ येऊन तक्रार केली. मी पाठीवर हात फिरवून म्हटलं, "तू लक्ष नको देऊस. चिडलास की जास्त चिडवतात." या वाक्याची मला आज लाज वाटते. आम्ही शिक्षक ते वर्षानुवर्षं वापरत आलो. त्याचा अर्थ एवढाच होतो की, हे तुझं तू बघ.

फेब्रुवारीत तो यायचा थांबला. मी चौकशीला गेले, तर त्याचे वडील खोपटाबाहेर उभे राहून म्हणाले, "बाई, पोरगं म्हंतंय, तुमच्यासंगं विटा उचलायला येतो, पर शाळंत नगं." मी समजूत घातली. पण पुढच्या खेपेला गेले तेव्हा ते खोपट तिथे नव्हतं. तो मुलगा मला पुन्हा कधी दिसला नाही. आज साठीच्या पुढे असेल.

बरीच वर्षं मी चिडवणाऱ्या पोरांना दोष देत राहिले. पण त्यांना ते नाव दिलं कुणी? मीच. फळ्यावर मी लिहिलं, वर्गात मी उभं केलं. मुलांनी फक्त माझी बातमी छोटी करून एका शब्दावर आणली.

आमच्या साताऱ्याच्याच शाळेतली एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव तिथल्या सरकारी हायस्कुलाच्या रजिस्टरात चढलं. आता ते प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून आपल्या राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. बाबासाहेबांनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं आहे की, बसायला त्यांना वेगळं गोणपाट असे, ते रोज घरून आणावं आणि घरी न्यावं लागे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचं, शिपाई नसेल तर तहानलेलं राहायचं. याला नुसतं चिडवणं म्हणणं म्हणजे त्या दुःखाची थट्टा होईल, तो जातिभेदाचा अन्याय होता. पण शिक्षक म्हणून एक गोष्ट मला त्यात दिसते. ते गोणपाट कुठल्या मुलाने शोधून काढलेलं नव्हतं. कोण वेगळा आहे हे मोठ्यांनी आधी वर्गात मांडून ठेवलं होतं, मुलं त्यावरून शिकत होती.

याची उलट बाजूही आपल्याच मातीतली आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, आणि १९१९ साली अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. त्याच १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. पुढे त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. गांधीजींनी १९२७ साली त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. तिथे श्रम सगळ्यांनाच करावे लागत. माझे वडील सांगायचे, जिथे सगळेच पाणी भरतात तिथे 'पाणक्या' म्हणून कुणाला चिडवणार? अण्णांनी भांडणं मिटवत बसण्याऐवजी चिडवण्याचं कारणच ठेवलं नाही.

हे मला कळलं फार उशिरा. १९९२ पासून सरकारने मागास समाजांतल्या, दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीच्या दिवसाला १ रुपया भत्ता सुरू केला. योजना चांगली, मुली खरोखर टिकायला लागल्या. पण महिन्याचा हिशेब आम्ही भर वर्गात करायचो, नाव पुकारून, उभं करून. एके दिवशी पाठीमागून 'रुपयावाली' असं ऐकू आलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मला थेट ती सुखडी आठवली. त्या महिन्यापासून मी वर्गात एक अक्षर काढलं नाही. पालकसभेनंतर आयांना थांबवून त्यांच्या सह्या घ्यायच्या आणि तिथेच हिशेब करायचा. महिन्या-दोन महिन्यांत तो शब्द वर्गातून गेला. मी कुणालाही छडी मारली नाही की कुणाला उपदेश केला नाही.

जगात यावर अभ्यासही झाला आहे. डॅन ओल्वेउस नावाचे एक मानसशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून शाळांमधल्या दादागिरीचा अभ्यास करत होते. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी सोबत्यांच्या छळाला कंटाळून जीव दिला आणि तो देश हादरला. १९८३ साली तिथे देशभर मोहीम निघाली. बर्गन शहरातल्या ४२ शाळांत, सुमारे अडीच हजार मुलांवर ओल्वेउस यांनी लक्ष ठेवलं. शिक्षकांनी मधल्या सुट्टीत मैदानावर नजर ठेवायची, वर्गात मुलांनीच नियम करायचे, पालकांना बोलवायचं, अशा साध्या गोष्टी. दोन वर्षांत त्रास जवळजवळ निम्म्याने कमी झाला. पुढे फिनलंडने २००९ पासून असाच कार्यक्रम देशभर नेला. त्यात भर आहे तो चिडवणाऱ्यापेक्षा बघणाऱ्यांवर. जी मुलं नुसती उभी राहून हसतात, ती हसायची थांबली की चिडवण्यातली मजाच जाते. आमच्या वर्गात 'सुखडी' म्हणणारे तिघे-चौघे असतील, हसणारे तीस-चाळीस होते. आणि त्यांत, खरं सांगायचं तर, एकदा मीही हसले होते.

असो. परत नातवाकडे येते.

मी त्याला उपदेश केला नाही. रात्री झोपताना ही सुखडीची गोष्ट सांगितली, माझ्या चुकीसकट. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग तो परत आला का?" मी म्हटलं, "नाही." तो बराच वेळ जागा होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "पण तो आरटीई आहे हे तुला कळलं कसं?" तो म्हणाला, टीचर वर्गात यादी वाचतात, मग ती मुलं पुस्तकं आणायला ऑफिसात जातात. म्हणजे पन्नास वर्षांनी तोच माझा फळा! फक्त वेलबुट्टी नाही. सूनबाई पालकसभेला गेली तेव्हा मी तिला एवढंच सांगायला सांगितलं की, यादी वर्गात वाचू नका, घरी निरोप पाठवा. त्या बाई तरुण आहेत. त्या म्हणाल्या, "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं." माझ्याही कुठे आलं होतं?

काल नातवाला विचारलं, डबा खायला कोण कोण होतं. तो म्हणाला, "डब्याला नाही अजून. पण त्याला आम्ही बॉलिंग दिली." चला, सुरुवात तर झाली.

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण आता आजी-आजोबा झाला आहात. मुलांना आपण रोज विचारतो, आज काय शिकवलं, किती मार्क मिळाले. त्यात एक प्रश्न वाढवा: आज डबा एकट्याने कुणी खाल्ला? ही बातमी शाळा कधी कळवणार नाही. तुमचं नातवंडच ती देईल, आणि ते पोहे खाता खाता, अगदी सहज.