याला संगीत म्हणायचं नाही

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला लॅबमध्ये अॅम्प्लिफायर बनवताना मी एक कपॅसिटर उलटा जोडला होता. फट्ट आवाज, जळका वास आणि जर्नलवर लाल शेरा. पण फुटण्याआधी दोन-तीन सेकंद स्पीकरमधून एक शिट्टी चढत चढत गेली होती. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं, कारण माझे मार्क जात होते.

ती शिट्टी मला इतक्या वर्षांनी आठवली, 'फॉरबिडन प्लॅनेट' हा १९५६चा हॉलिवूडपट बघताना. अख्ख्या सिनेमात एकही व्हायोलिन नाही की ट्रंपेट नाही. आहेत ते गुरगुरणारे, बुडबुडणारे, कण्हणारे आवाज. श्रेयनामावलीत लिहिलंय, 'इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज : लुई आणि बीबी बॅरन'. 'म्युझिक' हा शब्द त्यांच्या नावापुढे नाही. तो का नाही हे शोधायला बसलो आणि रात्र गेली.

लुई आणि बीबी हे नवरा-बायको. १९४७मध्ये लग्न झालं तेव्हा त्यांना भेट म्हणून टेपरेकॉर्डर मिळाला. आपल्याकडे मिक्सर मिळतो तसा, असं म्हणणार होतो, पण त्या काळी अमेरिकेतसुद्धा ही चीज फार कमी जणांकडे होती. दोघं न्यूयॉर्कला आले आणि ग्रीनिच व्हिलेजमध्ये स्टुडिओ थाटला. मूगचा सिंथेसायझर यायला अजून दशकभराहून जास्त काळ होता. म्हणजे बटण दाबलं की आवाज, अशी सोयच नव्हती. आवाज घडवायचा तर आधी तो काढणारं यंत्र घडवायला लागायचं.

इथे एक पुस्तक मदतीला आलं, नॉर्बर्ट वीनरचं १९४८मधलं 'सायबरनेटिक्स'. प्राणी काय किंवा यंत्र काय, स्वतःच्या कृतीचा परिणाम परत आत घेऊन पुढची कृती ठरवतात, म्हणजेच फीडबॅक, अशी त्याची मांडणी. आमच्या धंद्यात हा फीडबॅक बेलगाम झाला की सर्व्हर झोपतो आणि रात्री दोनला माझा फोन वाजतो. लुईने हेच मुद्दाम केलं. व्हॅक्यूम ट्यूब आणि सुटे भाग डागून तो सर्किट बनवायचा आणि त्याला झेपणार नाही इतकी वीज सोडायचा. सर्किट किंचाळायचं, थरथरायचं, कधी गुणगुणायचं आणि शेवटी जळून मरायचं. तेच सर्किट पुन्हा बनवलं तरी तोच आवाज येईल याची खात्री नसायची, म्हणून टेप सतत चालू ठेवायची. ही दोघं प्रत्येक सर्किटला एक पात्र मानत. त्याचा स्वभाव वेगळा, त्याचं आयुष्य वेगळं.

आता खरी गोष्ट. या टेपांवर जे उतरायचं त्यातलं बरंचसं नुसती खरखर असायची. ती तासन् तास ऐकण्याचं काम बीबीचं. ती संगीत शिकलेली होती. या ढिगाऱ्यात कुठला तुकडा जिवंत आहे हे ती ओळखायची. मग तो तुकडा संथ करायचा, उलटा वाजवायचा, त्याला प्रतिध्वनी द्यायचा, टेप कापून जोडायची. लेखांमध्ये जळणारी सर्किटंच जास्त दिसतात, कारण ती सांगायला मजेदार आहेत. पण मला विचाराल तर या जोडीला तिचा आवाज बीबीच्या कानांनी मिळवून दिला. हजारो ओळींच्या लॉगमधून एक चुकीची ओळ शोधणाऱ्या माणसाला हे पटेल.

१९५२मध्ये जॉन केजने टेप-संगीताच्या प्रयोगासाठी त्यांना सोबत घेतलं. सुमारे ६०० ध्वनिमुद्रणांचे तुकडे जोडून जेमतेम सव्वाचार मिनिटांचं 'विल्यम्स मिक्स' तयार झालं. त्या कामात महिनोन् महिने गेले. त्याहून मोलाचं म्हणजे, तुम्ही करता ते संगीतच आहे, असं केजने त्यांना ठामपणे सांगितलं.

एमजीएमने मात्र तसं म्हटलं नाही. स्टुडिओचे प्रमुख डोरी शॅरी यांच्याशी ओळख झाल्यावर या दोघांना आधी थोड्याशाच भागाचं काम मिळालं, मग सगळा सिनेमाच. त्यातला राक्षस मरतो तेव्हा जो आवाज येतो तो खरोखरच एका मरणाऱ्या सर्किटचा आहे. पण बॅरन वादकांच्या युनियनचे सभासद नव्हते. 'संगीत' म्हटलं तर युनियनशी वाद होईल, म्हणून 'टोनॅलिटीज' हा गुळगुळीत शब्द आला. त्यामुळे संगीताच्या ऑस्करसाठी त्यांचा विचारच झाला नाही. युनियनच्या भीतीला मी हसणार नाही. एक यंत्र आलं आणि पन्नास वादकांचा ऑर्केस्ट्रा घरी बसला, तर? एआयच्या दिवसांत माझ्या टीममध्ये जेवताना हाच विषय असतो. पण त्या भीतीची किंमत ज्यांनी मोजली त्यांनी कुणाचीच नोकरी घेतली नव्हती. वर्षानुवर्षं बसून, हाताने, ब्लेडने टेप कापून त्यांनी ते केलं होतं.

हॉलिवूडचा दुसरा सिनेमा त्यांना मिळाला नाही. 'फॉरबिडन प्लॅनेट'च्या संगीताची रेकॉर्डसुद्धा थेट १९७६मध्ये निघाली. त्याआधीच, १९७०मध्ये, दोघांचा घटस्फोट झाला होता. तरी १९८९मध्ये लुई जाईपर्यंत ती एकत्र काम करत राहिली.

नंतर बीबीने बरीच वर्षं काही रचलं नाही. मग सांता बार्बराच्या विद्यापीठातल्या स्टुडिओत तिला बोलावलं गेलं, आणि २०००मध्ये 'मिक्स्ड इमोशन्स' ही तिची रचना पूर्ण झाली. ती २००८मध्ये गेली. या वेळी आवाज संगणकातले होते, काही जळायची भीती नव्हती. पण ऐकत बसायचं काम तेच होतं.