झाडीपट्टीतली खुर्ची

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधला आपण जातो ते तलाव आणि पक्षी पाहायला. हा तलाव कोहळी समाजातल्या कोलू पाटलाने बांधला, असे तिथली परंपरा सांगते. पण तलावाखालच्या धानशेतीला नांगर आणि गाडी घडवून देणाराही कुणी हवाच होता. त्या सुताराला इकडे वाढई म्हणतात.

वाढईला झाडे पाठ असत. धावडा चिवट, तो गाडीच्या आसाला; तिवस नांगराला; साग दाराच्या चौकटीला. मोबदला धानात मिळे. खुर्ची या कामात नव्हतीच. घरोघरी पाट, पिढे, नाहीतर बाज. खुर्ची हा शब्दही अरबी 'कुर्सी'चा, फारसीतून आलेला. खेड्यात ती लागे दौऱ्यावरच्या साहेबाला.

साहेबापाठोपाठ कायदा आला. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी सरकारी जंगले राखीव होऊ लागली. मालगुजार-जमीनदारांची जंगले त्यांच्याकडे राहिली, तीही १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झाली. गावकऱ्यांना उरला निस्तार, म्हणजे घरासाठी आणि शेतीसाठी जंगलातून लाकूड आणण्याची सवलत. मेख इथेच आहे. निस्ताराचे लाकूड विकायच्या वस्तूला चालत नाही. नांगर त्यात बसतो, बाजारातली खुर्ची बसत नाही. तिला लिलावातला साग लागतो आणि सागाला रोख पैसा.

शिवाय खुर्ची करणे सोपे नव्हे! माणूस मागे रेलला की सगळा भार मागच्या पायाच्या सांध्यावर येतो. हाच पाय वर जाऊन पाठीचा खांब होतो, आणि तो किंचित मागे कललेला हवा. असा पाय एका फळीतून कापताना बरेच लाकूड वाया जाते. विकतचे असले की जिवाला लागते. मग पटाशीने पायात भोक पाडायचे, आडव्या दांडीच्या टोकाला कूस काढायची. कूस नीट वाळलेली नसली तर आक्रसते आणि खुर्ची कुरकुरू लागते. खिळा मारून ती कुरकुर थांबत नाही, काही लोक मारतात खरे.

१९७५ मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प. जंगल वाचले, याचा आनंदच आहे. दरम्यान नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला आणि खुर्ची प्लास्टिकची झाली. वाढईकडे आता बहुधा चौकट येते, पलंग येतो, क्वचित कुणाच्या आजोबांची खिळखिळी झालेली आरामखुर्ची. तिचा साग अजून चांगला असतो. बदलावी लागते ती एखादी दांडी.